घरकुलाचे पैसे दिल्लीचे, माणसे कोणाची? यवतमाळच्या निमित्ताने एक दीर्घ थ्रेड

१/
यवतमाळच्या नगरपालिकेचा जन्म दोनदा झाला. पहिल्यांदा १८६९ मध्ये. ती पुढे बंद पडली. दुसऱ्यांदा १८९४ मध्ये. ती आजतागायत सुरू आहे. इतिहासाच्या पुस्तकांत ही नोंद एका वाक्यात उरकली जाते. परंतु संस्था उभी राहणे आणि संस्था टिकणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे या एका वाक्यात जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच कुठे दिसत असेल. आजचा थ्रेड घरकुल योजनांविषयी आहे. त्याहून नेमके सांगायचे तर, त्या योजना चालवणाऱ्या माणसांविषयी.

२/
प्रश्न साधा आहे. केंद्र सरकार गरिबाच्या घरासाठी अनुदान देते. राज्य त्यात आपला वाटा घालते. पैसा मात्र शेवटी एका नगरपरिषदेच्या टेबलावरून पुढे जातो. त्या टेबलामागे कोण बसतो? त्याची नेमणूक कोणी केली, त्याचा पगार कोणत्या लेखाशीर्षातून निघतो, आणि योजना संपल्यावर त्याचे काय होते? घरकुलांवरील चर्चेत उद्दिष्ट किती व पूर्ण किती हे दोनच आकडे फिरत राहतात. या तिसऱ्या गोष्टीकडे फारसे कोणी पाहत नाही.

३/
थोडी पार्श्वभूमी. १८५३ च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आले. आजचा यवतमाळ जिल्हा त्या काळी 'वणी' जिल्हा म्हणून ओळखला जाई. १९०५ च्या फेररचनेत त्याला यवतमाळ हे नाव मिळाले आणि पुसद हा तालुका त्यात आला. १८८२ च्या मे महिन्यात लॉर्ड रिपनचा स्थानिक स्वराज्याचा ठराव झाला, १८८६ मध्ये वऱ्हाडासाठी स्वतंत्र नगरपालिका कायदा आला, १९२२ मध्ये मध्य प्रांताचा कायदा. या सर्व कायद्यांतील नगरपालिका म्हणजे प्रामुख्याने झाडलोट, दिवाबत्ती, पाणी, रस्ते, बाजार आणि त्यांच्यासाठी कर. गरिबाला घर बांधून देणे हे नगरपालिकेचे काम आहे, ही कल्पनाच त्यांच्या मुळाशी नव्हती.

४/
त्याच सुमारास इंग्लंडमध्ये काय चालले होते, हे ताडून पाहण्यासारखे आहे. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ मध्ये, ॲडिसन कायदा आला. स्थानिक नगरपालिकांनी घरे बांधावीत आणि ठरावीक मर्यादेपलीकडील तोटा मध्यवर्ती सरकारने सोसावा, अशी ती योजना. उद्दिष्ट पाच लाख घरांचे होते. १९२१ मध्ये खर्चाचा बोजा पाहून सरकारने हात आखडता घेतला आणि निम्म्याहूनही कमी घरे उभी राहिली.

५/
म्हणजे योजना फसली? उद्दिष्टाच्या हिशेबाने होय. परंतु त्या दोन वर्षांत गावोगावच्या नगरपालिकांत गृहनिर्माणाचे खाते तयार झाले: आराखडे करणारे, भाडे वसूल करणारे, हिशेब ठेवणारे लोक. १९२४ मध्ये व्हीटली कायद्याने अनुदान पुन्हा वाढले, तेव्हा हे काम शून्यापासून सुरू करावे लागले नाही. दोन महायुद्धांच्या दरम्यान ब्रिटनच्या नगरपालिकांनी दहा लाखांहून अधिक घरे बांधली. अनुदान आले, गेले, पुन्हा आले. खाते राहिले. जो साम्राज्यकर्ता आपल्या घरी हे करत होता, त्याने वऱ्हाडातील नगरपालिकांना या वाटेला कधी नेले नाही.

६/
स्वातंत्र्यानंतर केंद्राचे पहिले मोठे गृहनिर्माण अनुदान १९५२ मध्ये औद्योगिक कामगारांसाठी आले. ते राज्य सरकारे व गृहनिर्माण मंडळे यांच्या मार्फत खर्च होई. विदर्भासाठीही स्वतंत्र गृहनिर्माण मंडळ होते. १९७७ मध्ये ते म्हाडात विलीन झाले. अभियंते मंडळाचे, जमीन मंडळाची, हिशेब मंडळाचा. यवतमाळ, वणी, पुसद, उमरखेड येथील नगरपालिका या साखळीत जवळजवळ प्रेक्षक होत्या.

७/
१९६५ चा महाराष्ट्र नगरपरिषद कायदा हा आजच्या कारभाराचा पाया. त्याने नगरपरिषदांचे लोकसंख्येनुसार वर्ग पाडले. १ लाखावरील लोकसंख्येची ती 'अ' वर्ग. २०११ च्या जनगणनेत यवतमाळ शहराची लोकसंख्या सुमारे १ लाख १६ हजार होती. मुख्याधिकारी राज्य सरकार नेमते. पुढे अभियंते, लेखापाल, कर निर्धारण अधिकारी यांचेही राज्य संवर्ग झाले. उरलेली पदे 'आकृतिबंधा'त बसवायची. आकृतिबंध म्हणजे कोणत्या नगरपरिषदेत कोणती पदे किती, याचा शासनमान्य तक्ता. त्या तक्त्यात जे पद नाही, त्याला कायमचा माणूस मिळत नाही, मग काम कितीही असो. या थ्रेडमधला सर्वांत महत्त्वाचा शब्द हाच.

८/
आता राज्यघटनेतील एक गंमत, जी स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांतूनही बहुधा निसटते. ७३ व्या दुरुस्तीने आलेल्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींच्या २९ विषयांमध्ये 'ग्रामीण गृहनिर्माण' स्पष्ट शब्दांत आहे. ७४ व्या दुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांचे १८ विषय आहेत. त्यांत झोपडपट्टी सुधारणा आहे, नागरी दारिद्र्य निर्मूलन आहे, बांधकामाचे नियमन आहे, अगदी कोंडवाडेही आहेत. 'गृहनिर्माण' हा शब्द नाही.

९/
या अनुपस्थितीला केवळ शब्दांचा अपघात म्हणून सोडून देता येत नाही. खेड्यातील घर ही पंचायतीची जबाबदारी आणि शहरातील घर ही मंडळाची, विकासकाची किंवा ज्याची त्याची, अशी धारणा त्या दोन यादींमधून डोकावते. नगरपरिषद बांधकामाला परवानगी देईल, झोपडपट्टीत नाली टाकेल. घर देणारी संस्था मात्र ती नव्हे. आकृतिबंधात गृहनिर्माणाचे खाते का नाही, याचे एक मूळ इथे आहे.

१०/
आणि मग २००१ नंतर केंद्राच्या योजनांची दिशा बदलली. डिसेंबर २००१ मध्ये वाल्मीकी आंबेडकर आवास योजना सुरू झाली. डिसेंबर २००५ मध्ये जवाहरलाल नेहरू नागरी पुनर्निर्माण अभियान आले आणि त्यात लहान शहरांसाठी एकात्मिक गृहनिर्माण व झोपडपट्टी विकास कार्यक्रम. त्यानंतर राजीव आवास योजना. २५ जून २०१५ रोजी प्रधानमंत्री आवास योजना (शहरी). सप्टेंबर २०२४ पासून तिची दुसरी आवृत्ती. पाव शतकात पाच नावे, पाच मार्गदर्शक पुस्तिका, पाच प्रकारचे तक्ते. प्रत्येक वेळी जबाबदारी थेट नगरपरिषदेवर, आणि प्रत्येक वेळी माणसांची सोय 'कक्ष' नावाच्या तात्पुरत्या मांडवाखाली.

११/
२०१५ च्या योजनेचे उदाहरण घेऊ. मार्गदर्शक सूचनांनुसार राज्य पातळीवर ५ ते १० तज्ज्ञांचा तांत्रिक कक्ष आणि शहर पातळीवर २ ते ४ तज्ज्ञांचा. काम जास्त असेल तर संख्या वाढवता येईल. क्षमतावाढ, प्रसार आणि प्रशासन यांसाठी एकूण तरतुदीच्या ५ टक्के रक्कम राखलेली. कागदावर ही व्यवस्था वाईट नाही. आधीच्या योजनांपेक्षा निश्चित बरी आहे. दोष एकच आहे, पण तो मुळातला आहे. हे तज्ज्ञ अभियानाचे असतात, नगरपरिषदेचे नसतात. करार अभियानाच्या मुदतीशी बांधलेला असतो. अभियानाची मुदत मार्च २०२२ पर्यंत होती, मग ती वाढली, मग पुन्हा वाढली. पुढच्या वर्षी आपण असू की नाही हे ठाऊक नसलेला माणूस या काळात लोकांच्या घरांच्या फायली सांभाळत होता.

१२/
हे काम म्हणजे नेमके काय, ते एकदा सविस्तर पाहायला हवे. कारण 'अर्ज आला, पैसे गेले' अशी समजूत सर्वत्र आहे. यवतमाळसारख्या शहरात बहुतेकांना उपयोगी पडणारा घटक म्हणजे लाभार्थ्याने स्वतःच्या जागेवर घर बांधणे. केंद्राचे १ लाख ५० हजार, राज्याचे १ लाख, एकूण अडीच लाख. कुटुंबाचे भारतात कुठेही पक्के घर नसावे, उत्पन्न मर्यादेत असावे आणि जागा स्वतःची असावी.

शेवटच्या चार शब्दांत सगळा विदर्भ अडकतो. शहरातील कित्येक वस्त्या नझूल जमिनीवर आहेत, काही शासकीय जमिनीवरील जुन्या अतिक्रमणांत, काही गुंठेवारीत. यवतमाळच्या हद्दवाढीत लोहारा, वाघापूर, वडगाव, उमरसरा यांसारखी गावे नगरपरिषदेत आली आणि त्यांच्यासोबत ग्रामपंचायतीच्या नमुना आठच्या नोंदीही आल्या. राज्य शासनाने २०१८ मध्ये घरकुलासाठी अतिक्रमणे नियमानुकूल करण्याचे धोरण आणले, हे चांगलेच झाले. पण ते राबवायचे तर मोजणी हवी, भूमी अभिलेख कार्यालयाशी पत्रव्यवहार हवा, वस्तीत जाऊन कुणाचा ताबा कुठपर्यंत हे समजून घेणारा माणूस हवा.

१३/
त्यानंतर प्रकल्प अहवाल. तो राज्याच्या समितीकडे, मग केंद्राच्या समितीकडे. मंजुरी आली की लाभार्थ्याला बांधकाम परवानगी. मग जोते, लिंटेल, छत, पूर्णत्व, अशा प्रत्येक टप्प्यावर घराचे भू-संकेतासह छायाचित्र आणि ते पाहून पुढचा हप्ता. त्या हप्त्यासाठी आधीच्या पैशाचे उपयोगिता प्रमाणपत्र. केंद्राकडून राज्याला येणारा पैसाही ४०, ४०, २० टक्के अशा तीन हप्त्यांत.

यात एक कडी निखळली की काय होते? जोते झालेले असते. जुने कुडाचे किंवा टिनाचे घर आधीच पाडलेले असते, कारण जागा तीच. कुटुंब शेजारी ताडपत्रीखाली किंवा भाड्याच्या खोलीत. पाऊस तोंडावर. आणि हप्ता अडलेला, कारण छायाचित्र चढवणाऱ्याचा करार ३१ मार्चला संपला आणि नवा आदेश अजून यायचा आहे. अडीच लाखांच्या योजनेत ज्याने सावकाराकडून पन्नास हजार उचलले, त्याच्या व्याजाचा रकाना कोणत्याही संगणक प्रणालीत नाही.

१४/
हे दुखणे नवे नाही. २०१२ मध्ये नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा नेहरू अभियानावरील अहवाल संसदेसमोर आला, तेव्हा देशभर मंजूर झालेल्या गृहनिर्माण प्रकल्पांपैकी फार थोडे पूर्ण झाल्याचे त्यात दिसले. त्यानंतर योजनेचे नाव बदलले, प्रकल्पांची रचना बदलली, पैसा थेट खात्यात जाऊ लागला. मनुष्यबळाची रचना तीच राहिली: तात्पुरती.

१५/
जिल्ह्याच्या ग्रामीण भागातही हीच कथा, निराळ्या वळणाने. १९८० च्या एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमासोबत जिल्हा ग्रामीण विकास यंत्रणा उभी राहिली. इंदिरा आवास, पुढे प्रधानमंत्री आवास (ग्रामीण), रमाई, शबरी अशा योजनांचा अनुभव तिच्याकडे साचत गेला. १९९९ पासून केंद्र तिच्या प्रशासकीय खर्चासाठी स्वतंत्र योजना चालवत होते. १ एप्रिल २०२२ पासून ती योजना केंद्राने बंद केली आणि यंत्रणा जिल्हा परिषदेत सामावून घेण्यास राज्यांना सांगितले. लोकनियुक्त संस्थेत यंत्रणा विलीन होणे तत्त्वतः योग्यच. फक्त पगाराचा केंद्राचा वाटा त्याच वेळी संपला, हेही लक्षात घ्यावे. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर २०२३ मध्ये, पीएम-जनमन सुरू झाले. आदिम जमातींना घरासाठी २ लाख. यवतमाळ हा कोलाम पोडांचा जिल्हा. झरी जामणी, मारेगाव, केळापूर, घाटंजीच्या पोडांपर्यंत हे काम पोहोचवायचे, तेव्हा भिस्त पुन्हा कंत्राटी गृहनिर्माण अभियंत्यांवरच.

१६/
'मग नगरपरिषदेने स्वतःची माणसे नेमावीत, अडवले कोणी?' असे विचारले जाते. अडवले आहे. १९९९ मध्ये राज्यातील नगरपरिषदांची जकात गेली. तिच्या बदल्यात सहायक अनुदान आले, म्हणजे स्वतःच्या उत्पन्नाचा सर्वांत मोठा झरा आटला आणि शासनाच्या टाकीतून पाणी सुटण्याची वाट पाहणे आले. आस्थापना खर्चाला मर्यादा आहे. नवे पद निर्माण करायचे तर प्रस्ताव मंत्रालयात. २०२३ मध्ये राज्य संवर्गातील १७८२ पदांची भरती निघाली, ती स्वागतार्हच होती. परंतु ती आकृतिबंधात आधीच असलेल्या पदांसाठी. ज्या कामाचे पदच नाही, त्याची भरती होणार कशी?

१७/
विरुद्ध बाजूचा युक्तिवादही प्रामाणिकपणे मांडायला हवा, कारण तो पोकळ नाही. कायम पद म्हणजे तीस वर्षांचा पगार. योजना तर सात वर्षांची. योजना संपल्यावर त्या माणसाने करायचे काय? शिवाय कायम नोकरीतला प्रत्येक जण वस्तीत चिखल तुडवत फिरेलच याची हमी कुठे आहे? कंत्राटी तरुण अभियंते अनेकदा अधिक चपळ असतात, संगणकावर त्यांचा हात बसलेला असतो, हे कोणीही मान्य करील.

१८/
पण 'योजना सात वर्षांची' हे गृहीतकच इतिहास खोटे ठरवतो. २००१ पासून आजपर्यंत शहरी घरकुलासाठी केंद्राची कोणती ना कोणती योजना नाही, असा काळ जवळजवळ आढळत नाही. काम अखंड आहे. खंडित होते ते नाव. पंचवीस वर्षे अखंड चाललेल्या कामाला तात्पुरते म्हणत राहणे हा निव्वळ हिशेबाचा सोयीस्करपणा आहे. शिवाय एक योजना मिटते तेव्हा तिची अर्धवट घरे, अडलेले हप्ते आणि लेखा आक्षेप मागे राहतातच. ते निस्तरायला नव्या कक्षाला ना पैसा असतो ना उत्साह.

१९/
अमेरिकेत १९७४ च्या गृहनिर्माण व समुदाय विकास कायद्याने शहरांना एकत्रित अनुदान द्यायला सुरुवात झाली. त्यातील २० टक्क्यांपर्यंत रक्कम नियोजन व प्रशासनावर खर्च करण्याची मुभा आहे. अनेक शहरांची गृहनिर्माण खाती यावर चालतात, आणि वॉशिंग्टनने हात आवळला की तीही डळमळतात. तेव्हा तिथे सगळे आलबेल आहे असे नाही. फरक एवढाच की ते कर्मचारी शहराचे असतात. आपल्याकडे ५ टक्के म्हणजे काटकसर, असे अभिमानाने सांगितले जाते. ज्या योजनेत प्रत्येक घरावर माणूस चार-पाच वेळा पाठवावा लागतो, तिथे ही काटकसर शेवटी लाभार्थ्याच्या खिशातून वसूल होते.

२०/
आणखी एक मुद्दा, आणि इतिहासाच्या विद्यार्थ्यांना तो विशेष भिडावा. नव्या शहरी आवास योजनेत अट आहे की, मागील २० वर्षांत ज्या कुटुंबाने केंद्र, राज्य किंवा स्थानिक संस्थेच्या कोणत्याही गृहनिर्माण योजनेचा लाभ घेतला, ते अपात्र. अट न्याय्य आहे. पण ती तपासायची कशी? म्हणजे नगरपरिषदेला २००४-०५ पासूनच्या याद्या हव्यात: वाल्मीकी आंबेडकरच्या शेवटच्या लाभार्थ्यांच्या, एकात्मिक कार्यक्रमाच्या, रमाईच्या. प्रत्येक योजनेची यादी निराळ्या कक्षाने केलेली, निराळ्या कपाटात, निराळ्या संगणकात. बापाचे नाव एका यादीत, मुलाचा संसार आता वेगळा. तो पात्र की अपात्र? नोंद सापडली नाही तर निर्णय अंदाजाने होतो, आणि अंदाज नेहमी ओळखपाळखीच्या बाजूने झुकतो.

२१/
ज्याला प्रशासकीय स्मृती म्हणतात, ती अशी अगदी रोजच्या व्यवहारातली गोष्ट आहे. मोडी कागद वाळवीने खाल्ले म्हणून हळहळणाऱ्यांनी २००६ च्या घरकुल यादीचीही थोडी काळजी करावी. शंभर वर्षांनी यवतमाळचा सामाजिक इतिहास लिहिणाऱ्याला कोणत्या वस्तीत कोणाला घर मिळाले, कोणाला नाकारले, याहून मोलाचे साधन सापडायचे नाही.

२२/
वस्तीतील ओळखीचेही तसेच. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानातील समुदाय संघटकांनी कित्येक वर्षे बचत गटांच्या बैठका घेतल्या. कोणत्या गल्लीत कोण एकटी राहते, कोण मजुरीला बाहेरगावी जाते, हे त्यांना तोंडपाठ. ते अभियान २०२४ मध्ये संपले. हे ज्ञान कोणत्या दप्तरात जमा झाले?

२३/
मागणी फार मोठी नाही. 'अ' वर्ग नगरपरिषदेच्या आकृतिबंधात गृहनिर्माण विभाग, आणि त्यात चार कायम पदे: एक स्थापत्य अभियंता, एक लेखापाल, जमिनीच्या नोंदी जाणणारा एक कर्मचारी आणि एक समाज विकास अधिकारी. योजनेची गर्दी वाढेल तेव्हा त्यांच्या हाताखाली कंत्राटी मदत खुशाल घ्यावी. क्रम मात्र उलटा नको. आज कंत्राटी माणूस काम जाणतो, आणि कायम माणूस 'अतिरिक्त कार्यभार' म्हणून सही करतो.

२४/
लहान गावांचा प्रश्न वेगळा. बाभूळगाव, कळंब, राळेगाव, मारेगाव, झरी जामणी, महागाव, ढाणकी या नगरपंचायतींना प्रत्येकी चार पदे परवडणार नाहीत, आणि त्यांची गरजही नाही. जिल्हाधिकारी कार्यालयात नगरपरिषद प्रशासनाची शाखा आहेच. तिथे सर्व नगरपंचायतींसाठी एक सामायिक कायम गृहनिर्माण कक्ष ठेवता येईल. आठवड्याचा एक दिवस एका गावाचा. पगाराचा भार राज्याने उचलावा, कारण जकात राज्याने घेतली. केंद्राने आपल्या प्रशासकीय टक्केवारीतला काही वाटा योजनेच्या मुदतीशी न बांधता या पदांसाठी द्यावा.

२५/
यवतमाळमध्ये २०१६ साली निवडून आलेल्या सभागृहाची मुदत संपल्यावर बराच काळ प्रशासकाची राजवट होती. त्या काळात हा प्रश्न मांडणारा लोकनियुक्त आवाजच सभागृहात नव्हता. आता जे कोणी तिथे बसतील, त्यांना पहिल्याच सर्वसाधारण सभेत तीन गोष्टी विचारता येतील: घरकुलाचे काम पाहणाऱ्या किती जणांची पदे आकृतिबंधात आहेत; किती घरे जोते ते छत यांच्या दरम्यान सहा महिन्यांहून अधिक काळ थांबली आहेत; आणि २००१ पासूनच्या लाभार्थी याद्या कोणत्या खोलीत, कोणाच्या ताब्यात आहेत. सभेच्या इतिवृत्तात ही उत्तरे नोंदवली जातील, तेव्हा त्या इतिवृत्ताची एक प्रत पालिकेच्या वाचनालयात ठेवावी.